निधी अर्ध्यावर आला तरी प्रवेशाचा हंगाम बुडू देऊ नका : वस्तीतल्या मार्गदर्शन केंद्रांसाठी

जनता वसाहत, ताडीवाला रोड, कासेवाडी, रामटेकडी, अप्पर इंदिरानगर अशा पुण्यातल्या वस्त्यांमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवणारी छोटी केंद्रं चालतात. एक खोली, दोन-तीन कार्यकर्ते, एक प्रिंटर. अशी केंद्रं बहुधा एकाच मोठ्या देणगीदारावर उभी असतात, आणि ‘पुढच्या वर्षी रक्कम निम्मी होईल’ हे पत्र आर्थिक वर्ष संपताना येतं, म्हणजे नेमकं हंगामाच्या तोंडावर. असं पत्र हातात असलेल्या समन्वयकांसाठी आणि विश्वस्तांसाठी हे लिहिलं आहे.

पैसे कमी झाले की कार्यक्रम कापा, टेबल कापू नका. टेबल म्हणजे जिथे मूल आणि पालक समोर बसतात, एकेक कागद तपासला जातो आणि अर्ज जागेवर भरला जातो ती जागा. मेळावे, सहली, व्याख्यानं यांनी मुलांना हुरूप येतो, हे खरं. पण प्रवेश हुकतो तो हुरूप कमी पडल्यामुळे फार क्वचित. नॉन-क्रिमिलेअर दाखला (मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नमर्यादेत असल्याचा) वेळेत मिळाला नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, प्रवेशफेरीची तारीख निघून गेली, ही कारणं नेहमीची. म्हणून टेबल एप्रिल ते ऑक्टोबर अखंड चाललं पाहिजे.

पत्र आल्यावर पहिल्या आठवड्यात

आधी कपात कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा, कारण प्रत्येकीवर उपाय वेगळा.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी असेल तर दोन शक्यता असतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे त्यात बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. नफा घसरला की ही रक्कमही घसरते. अशा वेळी देणगीदाराचा तुमच्यावरचा विश्वास शाबूत असतो. फक्त ‘हप्ता लवकर द्या, एप्रिलमध्येच द्या’ एवढी मागणी करा, ती बऱ्याचदा मान्य होते. दुसरी शक्यता अशी की प्रकल्पाची मुदतच संपली. सीएसआर नियमांत चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा धरला जातो. तिथे विनवण्या करण्यात वेळ घालवू नका. त्याच कंपनीकडे नवा, छोटा, वेगळ्या नावाचा प्रकल्प मांडा.

मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळत असेल, तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. हा दरवाजा बंद आहे असंच धरा. मोठ्या संस्थेने स्वतःचा कार्यकर्ता तुमच्या वस्तीत नेमून त्याचा पगार स्वतः द्यायचा, एवढा मार्ग उरतो. तोही त्यांच्या लेखापालाला विचारून.

पत्राला उत्तर देताना लेखी विचारा : रक्कम किती, किती हप्त्यांत, पहिला हप्ता कोणत्या तारखेला, आणि एका खर्चाच्या सदरातून दुसऱ्यात पैसे वळवायची मुभा आहे का. शेवटचा प्रश्न विसरलात तर हातात पैसे असूनही पगार देता येणार नाहीत, कारण ते ‘कार्यक्रम’ या सदरात अडकलेले असतील.

काय कापायचं

साठ मुलांच्या केंद्राचं उदाहरण घेऊ. वर्षाचा खर्च ९,६०,००० रुपये. त्यात समन्वयकाचं मानधन महिना २५,००० प्रमाणे ३,००,०००. दोन अर्धवेळ कार्यकर्ते, प्रत्येकी महिना १०,०००, म्हणजे २,४०,०००. खोलीचं भाडं ७२,०००. इंटरनेट, झेरॉक्स, प्रिंटर मिळून ३६,०००. करिअर मेळावा १,२०,०००. कॉलेजभेटीच्या बस ७२,०००. टी-शर्ट, पिशव्या, माहितीपत्रकं ६०,०००. पाहुण्या प्रशिक्षकांचं मानधन ६०,०००.

आता हातात ४,८०,००० आहेत. सगळ्याच सदरांत निम्मी काटछाट करायची हा पहिला मोह होतो आणि तोच सगळ्यांत घातक. अर्ध्या पगारावर समन्वयक दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधतो, आणि जाताना कोणत्या मुलाचा कोणता कागद कुठे अडकला आहे ही माहिती सोबत घेऊन जातो. त्यापेक्षा समन्वयक पूर्ण पगारावर ठेवा (३,००,०००). एक कार्यकर्ता फक्त मे ते ऑक्टोबर, सहा महिने (६०,०००). खोली फुकटची शोधा आणि वीज-सफाईसाठी महिना १,००० धरा (१२,०००). इंटरनेट-प्रिंटिंग जसंच्या तसं (३६,०००). प्रत्येक मुलामागे १,००० रुपयांचा अडीअडचणीचा निधी (६०,०००). बेरीज ४,६८,०००. उरलेले १२,००० कार्यकर्त्यांच्या प्रवासाला आणि फोनला. मेळावा, बस, टी-शर्ट, पाहुणे हे चारही शून्यावर.

अडीअडचणीचा निधी मात्र काढू नका. सीईटीची फी भरायची शेवटची तारीख आणि घरातल्या पगाराची तारीख यांत आठवड्याचं अंतर पडलं, एवढ्यावरून वर्ष गेलेली मुलं असतात. दाखल्यासाठी गावी जायचं एसटीचं भाडं, दुबार गुणपत्रिकेची फी असल्या गोष्टी यातून भागतात. रोख रक्कम देताना व्हाउचरवर मुलाची सही आणि कारण घ्या. ऑडिटमध्ये हेच सदर सगळ्यांत आधी विचारलं जातं.

ज्या कार्यकर्त्याला थांबवायचं आहे त्याला किमान महिनाभर आधी सांगा, बाकी मानधन चुकतं करा, अनुभवपत्र द्या. हंगामात सहा महिन्यांसाठी परत येणाऱ्यांत बहुधा हीच माणसं असतात.

मुलांचे तीन गट

कार्यकर्ते कमी झाले की जो जास्त वेळा खेटे घालतो त्याचं काम होतं आणि गप्प बसणारी मुलगी मागे पडते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोंदवहीत प्रत्येक नाव तीनपैकी एका गटात टाका.

पहिला गट कॉलेजात आधीच असलेल्यांचा. निधी आटला की यांच्याकडे सगळ्यांत आधी दुर्लक्ष होतं, कारण ‘ते लागले मार्गाला’ असं आपण धरतो. पण महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. दुसऱ्या वर्षी ते राहिलं की फी अंगावर येते, आणि पोरगं कॉलेज सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागतं. या गटाला लागणारा वेळ थोडा, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, पण तो द्यायलाच हवा.

दुसरा गट बारावीचा. वेळ सगळ्यांत जास्त यांना. तिसरा दहावीचा. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात लागू झाला आहे. पुण्यात तो आधीपासूनच होता, त्यामुळे वस्तीतल्या थोरल्या भावंडांना त्याची बऱ्यापैकी सवय आहे. यांच्यासाठी गटाने बसवलं तरी चालतं. एकच गोष्ट प्रत्येकाला वेगळी समजावा : पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. तेव्हा मित्राने टाकलं म्हणून नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नये. पीएमपीच्या बसने तिथे जायला किती वेळ आणि किती पैसे लागतात हे आधी बघावं.

नोंदवहीत रकाने हवेत ते असे : नाव, प्रवर्ग, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), उत्पन्नाचा दाखला आणि त्याची मुदत, अधिवास, आधारशी जोडलेला मोबाइल नंबर, आधारशी जोडलेली बँक, आणि शेवटी ‘पुढचं काम कोणी, कधीपर्यंत’. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ म्हणजे धोका. दर सोमवारी फक्त त्या ओळी वाचा.

कागद

इथे घाई करू नका, सगळी गोची इथेच होते.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूमधून मिळतो. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असल्यामुळे मार्चमध्ये काढून ठेवण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज टाका. निकालानंतर मे-जूनमध्ये सगळं शहर त्याच रांगेत असतं. नोकरीचा पुरावा नसलेल्या घरांना तलाठ्याचा अहवाल लागतो. एजंटाला काम दिलं तर तो अंदाजाने कोणताही आकडा टाकतो. पुढे तो आकडा शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या वर गेल्याचं अर्ज भरतानाच कळतं. अर्जावरचा आकडा सही करण्याआधी पालकांना मोठ्याने वाचून दाखवा.

जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टँप पेपर आणायला सांगितलं तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या. अर्ज केल्याची पावती जपा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत असते, ती उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलाचा साधा अर्ज तयार आहे हे दिसलं तरी बऱ्याचदा फाइल हलते.

जातीच्या दाखल्यात पुण्याच्या वस्त्यांची खास अडचण आहे. बरीच कुटुंबं लातूर, धाराशिव, सोलापूर, बीडकडून आलेली. दाखला मिळतो तो ठरावीक तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, गावच्या कोतवाल बुकातली (जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद, जुना सातबारा असा त्या तारखेआधीचा कागद शोधावा लागतो. तो पुण्यात बसून मिळत नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब गावी जाणार असेल तेव्हा कोणते कागद आणायचे याची चिठ्ठी हातात द्या. कलबुर्गी, यादगीर अशा कर्नाटकातल्या जिल्ह्यांतून त्या तारखेनंतर आलेल्यांना महाराष्ट्रात आरक्षणाचा लाभ मिळत नाही. हे ऐकायला कठीण जातं, पण दहावीतच सांगून टाका आणि उत्पन्नावर आधारित योजनांकडे वळवा. बारावीच्या निकालानंतर कळलं तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

जात पडताळणी व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायला लागते. अकरावीत असतानाच अर्ज करायला लावा. शिक्षणासाठीचा अर्ज नमुना १६ मध्ये, सोबत नमुना ३ आणि १७ ची प्रतिज्ञापत्रं, आणि वडिलांच्या बाजूचा पुरावा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची जात पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर काम निम्मं सोपं होतं, त्यामुळे आधी चुलते, आत्या, चुलत भावंडं यांच्याकडे चौकशी. आईच्या बाजूचे कागद आणून सहसा उपयोग होत नाही आणि ते गोळा करण्यात आठवडे जातात. पुणे जिल्ह्याची समिती विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्जाची पावती दाखवून प्रवेशअर्ज भरता येतो, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या दिवशी दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. शासन कधी कधी मुदत वाढवतं. त्या आशेवर नियोजन करू नका.

नॉन-क्रिमिलेअरसाठी मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, मर्यादा ८ लाख. दाखला चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. घरात जुना दाखला असतो आणि ‘आहे आमच्याकडे’ असं सांगतात. तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

नावातला फरक हा आणखी एक त्रास. आधारवर ‘सुनिता’, गुणपत्रिकेवर ‘सुनीता’, दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं. शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती शाळा सोडण्याआधीच सोपी असते, म्हणून नववीतल्या मुलांचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. आधार शक्यतो गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, उलट नको.

बँक खातं. शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर येत नाही. आधारशी ज्या बँकेची जोडणी शेवटची झाली, तिथे येते. वस्तीत मोबाइल रिचार्जच्या दुकानात नवं खातं उघडलं की जोडणी नकळत तिकडे जाते, आणि पैसे कुठे गेले म्हणून मूल जुन्या शाखेत हेलपाटे घालतं. आधारच्या संकेतस्थळावर जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते दिसतं. ते बघा आणि नोंदवहीत बँकेचं नाव लिहा. खातं व्यवहाराविना बंद पडलेलं नको. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर चालू हवा. वडिलांनी सिम बदललं आणि आधारचा नंबर जुनाच राहिला, या एका कारणाने अर्ज अडतात. आधार केंद्रात नंबर बदलून घ्यायचं काम एप्रिलमध्येच उरका.

कोणत्या योजना, आणि कुठे फसगत होते

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप या फी-सवलतीत शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं. २०२०-२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के ठरला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्या रकमेत कॉलेजची फीही असते. घरात अडचण असते, पैसे खर्च होतात, आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज निकाल किंवा दाखला अडवून धरतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात मुलाला टेबलावर बोलवा आणि फीचा भाग कॉलेजला भरून पावती फाइलमध्ये लावा.

मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी ही सवलत निम्मी होती. ‘मुलींना सगळं फुकट’ अशी बातमी वस्तीत पसरते, ती अर्धवट आहे. कॉलेज इतर नावांनी जे शुल्क घेतं ते भरावं लागतं. प्रवेश केंद्रीय फेरीतून (कॅप) हवा. आणि खासगी विद्यापीठांना तसंच खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना हे लागू नाही. पुण्यात अशी विद्यापीठं बरीच आहेत. त्यांची जाहिरात आकर्षक असते आणि प्रवेश लवकर मिळतो, म्हणून पालक कर्ज काढून अनामत भरून बसतात. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवरही फी-सवलती सहसा मिळत नाहीत. कुठेही पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारायला शिकवा : हा प्रवेश कॅपमधून आहे का, आणि इथे महाडीबीटी चालतं का.

बांधकाम कामगारांच्या मुलांकडे केंद्रांचं लक्ष कमी जातं, आणि तिथे चांगली रक्कम आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन अपत्यांना अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकी पदवीला ६०,००० आणि वैद्यकीयला १,००,००० रुपयांचं साहाय्य आहे. अट आहे ती मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्राची आणि नोंदणीच्या नूतनीकरणाची. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले, प्लंबर, सगळे यात येतात. मूल दहावीत असतानाच पालकांची नोंदणी करून घ्या. ठेकेदार सही द्यायला कुरकुरतो, त्यासाठी दोन-तीन चकरा धरून चाला.

पुणे महापालिकेची दहावीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद आणि बारावीसाठी अण्णा भाऊ साठे यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. रक्कम अनुक्रमे १५,००० आणि २५,०००, अंदाजपत्रकातल्या तरतुदीच्या अधीन. गुणांची अट खुल्या गटाला ८० टक्के. महापालिका शाळा, रात्रशाळा आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ७०. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या फीसाठी यावर विसंबू नका.

स्वाधार योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला पुण्यात राहायला वर्षाला ६०,००० मिळतात, पण ती शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यासाठी आहे. पुण्यातच घर असलेल्या मुलाचा अर्ज भरून वेळ घालवू नका. तुमचा विद्यार्थी शिकायला दुसऱ्या शहरात जाणार असेल तर मात्र जरूर भरा, आणि आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असला पाहिजे हे विसरू नका.

माणसं आणि खोली

पगारी माणूस कमी झाला की स्वयंसेवक घ्या, असं कोणीही सुचवतं. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना समाजसहभागाचे क्रेडिट मिळतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य असतं. हे सगळे उपयोगी आहेत, पण विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, नेमक्या तुमच्या गर्दीच्या काळात. म्हणून स्वयंसेवकांवर हंगामाचा कणा ठेवू नका. त्यांना जुलै ते सप्टेंबरमध्ये नूतनीकरणाचा गट द्या आणि जानेवारी-फेब्रुवारीत नववी-दहावीचे कागद तपासायला बसवा. मे-जूनसाठी आधी सांगितलेला सहा महिन्यांचा पगारी कार्यकर्ताच हवा.

कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी पत्र द्या, त्यात मुलांची संख्या, वार, वेळ आणि काम स्पष्ट लिहा. आठ मुलं मागा, पाच टिकतील. दोन अर्ध्या दिवसांचं प्रशिक्षण : एक दिवस कागद ओळखायला, एक दिवस रिकामा अर्ज भरून बघायला. पसंतीक्रम ठरवणं आणि अर्ज अंतिम सबमिट करणं ही दोन कामं स्वयंसेवकाने एकट्याने करायची नाहीत. सबमिट केल्यावर प्रवर्ग चुकल्याचं लक्षात आलं तर दुरुस्ती फक्त तक्रारीच्या ठरावीक दिवसांत होते, कधी होतच नाही. केंद्राची माजी मुलं, विशेषतः वाणिज्य शाखेची, या कामात फार तरबेज असतात. त्यांना प्रवासखर्च आणि चहा-नाश्ता द्या.

खोलीसाठी महापालिकेच्या शाळेतला संध्याकाळचा वर्ग, समाजमंदिर, अभ्यासिका किंवा बुद्धविहार बघा. क्षेत्रीय कार्यालयात आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करा, परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगीवर चाललेली खोली मांडवासाठी, लग्नासाठी कधीही जाते. गणपतीचे दहा दिवस आधीच वगळून वेळापत्रक लावा.

नवा पैसा

आधी कागद तयार आहेत का बघा : विश्वस्त नोंदणी, विश्वस्तबदलाचा मंजूर फेरफार, १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सूट देणाऱ्या नोंदण्या), तीन वर्षांचे ऑडिट, पॅन, आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी. सीएसआर-१ १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. ती नसेल तर पुढची बैठकच होत नाही. स्वतःची नोंदणी नसलेल्या गटाने नोंदणी असलेल्या संस्थेचा उपक्रम म्हणून काम करावं, आणि कोण किती खर्च करणार याचा करार लेखी करावा.

मागणी छोटी आणि मुलामागे मोजलेली ठेवा. वरच्या हिशेबात ४,८०,००० भागिले ६०, म्हणजे मुलामागे ८,००० रुपये. दहा मुलांसाठी ८०,००० मागितले की मध्यम कंपनीचा मनुष्यबळ अधिकारीही निर्णय वर पोचवू शकतो. त्याच्याशेजारी लिहा की मागच्या वर्षी या टेबलावरून मुलांना शासकीय योजनांतून एकूण किती रुपये मिळाले. हा आकडा तुमच्या नोंदवहीतून, पावत्या जोडून काढा. अंदाजाचा आकडा लिहाल तर पहिल्याच प्रश्नाला अडखळाल. फोटो दोन पुरे.

वेळ फार महत्त्वाची. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कंपन्यांना वर्षाचा उरलेला निधी दिसायला लागतो. चालू प्रकल्पात न बसणारी अखर्चित रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत भरावी लागते, त्यामुळे तयार प्रस्तावाला तेव्हा किंमत असते. पुढच्या वर्षाची योजना एप्रिल-मेमध्ये समितीसमोर जाते. म्हणजे वर्षातून दोनदा दार ठोठवायचं.

व्यक्तिगत देणगीदारांना ८०जीची सूट सांगताना जपून. नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला ती मिळत नाही. त्यांच्याकडे महिना ५०० रुपयांची नियमित मदत मागणं जास्त टिकतं. अशी ८० माणसं म्हणजे वर्षाला ४,८०,०००, पूर्ण टेबलाचा खर्च, आणि त्यातली दहा एका वेळी गळाली तरी केंद्र बंद पडत नाही. गळती धरून शंभरावर नावं गोळा करा. पावती वेळेत, आणि ऑक्टोबरमध्ये एका पानाचा हिशेब.

पालकांना सांगताना

कपातीची बातमी वस्तीत अफवा म्हणून पोचण्याआधी तुम्हीच सांगा. पालकसभेत सांगा आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर असा मेसेज टाका :

‘सर्व पालकांना नमस्कार. यंदा केंद्राला मिळणारा निधी कमी झाला आहे. सहल आणि मेळावा होणार नाही. पण दाखले, प्रवेशअर्ज आणि शिष्यवृत्तीचं काम पूर्वीसारखंच, विनामूल्य चालू राहील. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी ६ ते ९. येताना मूळ कागद आणि आधारला जोडलेला फोन सोबत आणा. ताई-दादांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, लगेच केंद्रात सांगा.’

शेवटची ओळ आवर्जून ठेवा. केंद्र डळमळीत झालं की त्या पोकळीत एजंट शिरतात.

बंदच करावं लागलं तर

हंगामाच्या मध्यावर बंद करू नका. पैसे जुलैपर्यंतच पुरणार असतील, तर नवी नावं घेणं एप्रिलमध्येच थांबवा आणि आहेत त्यांचं काम पुरं करा. मुलांचे मूळ कागद केंद्रात ठेवूच नयेत. असतील तर सही घेऊन परत करा. महाडीबीटीचं युजरनेम आणि पासवर्ड ज्याचा त्याने स्वतःच्या वहीत लिहून घेतला आहे ना, हे प्रत्येकाकडून त्याच्याच फोनवर लॉगइन करवून तपासा. नोंदवही दुसऱ्या संस्थेला द्यायची असेल तर मुलांची, आणि अठराच्या आतली असतील तर पालकांची, लेखी संमती घ्या. ज्यांचे जात पडताळणीचे अर्ज चालू आहेत त्यांची वेगळी यादी करा, अर्ज क्रमांकासह. ती त्यांच्या कॉलेजच्या समान संधी केंद्राकडे किंवा शिष्यवृत्ती लिपिकाकडे प्रत्यक्ष जाऊन द्या आणि पोच घ्या.